सहा अँटेनांचं झुरळ आणि दीड फुटी भिंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाड्याच्या घरात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोणता राउटर घ्यावा, याची यादी आपण गेल्या रविवारच्या पुरवणीत छापलीत. पहिला मान सहा अँटेनांच्या एका मॉडेलला मिळाला आहे. त्याचाच एक भाऊबंद सध्या माझ्या माळ्यावर, गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी, उताणा पडून आहे. वरच्या मजल्यावरची मुलं त्याला झुरळ म्हणतात. ते माळ्यावर कसं गेलं, एवढं सांगायला हे पत्र. जरा लांबेल. कात्री लावायचीच झाली तर भिंतीचा आणि ९४ आकड्याचा मजकूर तेवढा ठेवावा.

आमचं घर इंदूरच्या रामबागेत. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, दीड फुटी विटांच्या भिंती, मध्ये अरुंद जिना. मी सरकारी हिशेब शाखेत ३१ वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर वरच्या चार खोल्या विद्यार्थ्यांना द्यायला लागले. सध्या सात जण आहेत. आमच्याकडे हाका गावावरूनच मारतात, म्हणून तशीच लिहिते: बऱ्हाणपूरकर, दोघे बैतूलकर, देवासकर, पांढुर्ण्याचा, खरगोनचा आणि धारवाला. दोघं इंजिनिअरिंगचे, एक होळकर कॉलेजात, बाकीचे एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या, तयारीला भंवरकुव्याच्या क्लासला जाणारे. आयोगाचं मुख्यालयच इंदुरात, त्यामुळे त्या परीक्षेची जत्राही इथेच भरते. पूर्वी खोली बघायला आलेला मुलगा नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारायचा. आताचा जिन्यात उभा राहून आधी फोन वर धरतो.

फायबरची जोडणी तीन वर्षांपूर्वी घेतली. कंपनीचा माणूस आला, त्याने पुढच्या ओसरीच्या खिडकीतून तार आत घेतली, तिथेच भिंतीला पेटी ठोकली आणि "हो गया माताजी" म्हणून निघाला. मला वाटलं, विजेच्या मीटरसारखंच असेल, कुठेही लावलं तरी चालतं. उघडी पेटी बरी दिसेना म्हणून मी तिच्यावर क्रोशाचा रुमालही घातला. आमच्या पिढीने रेडिओला घातला, टीव्हीला घातला, तसाच.

जुलैत ही सात जणांची बॅच भरली आणि तक्रारी सुरू झाल्या. मागच्या खोलीत नेट येत नाही. रात्री साडेदहाला मुलाखतीच्या सरावाचा कॉल तुटतो. धारवाला सिनेमे उतरवतो म्हणून सगळ्यांचं नेट जातं. धारवाला म्हणे, मी तर दोन दिवस गावी होतो. देवासकराने एक ऑनलाइन चाचणी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून दिली. रेंजच्या काड्या तिथपर्यंत पुऱ्या दिसायच्या. मुलं एकमेकांशी तुटक बोलायला लागली, तेव्हा मी ३,४०० रुपये पर्समध्ये घालून जेल रोडला गेले.

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदाराने सहा काळ्या दांड्यांचा तो राउटर काढला आणि म्हणाला, "माताजी, ये दीवार फाड़ के जाएगा।" खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेलं. मी घरी आणला आणि खिडकीशी, जुन्या पेटीच्या शेजारी ठेवला. दोन दिवस सगळे म्हणाले की फरक पडला. तिसऱ्या दिवशी देवासकर पुन्हा सातव्या पायरीवर.

मग मी वही काढली. ३१ वर्षांच्या नोकरीतून मला एवढं कळलेलं होतं, की भांडण मिटवायचं तर आधी नोंद हवी. चार खोल्या, जिना, स्वयंपाकघर आणि पेटीजवळची खुर्ची. सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री साडेदहा. एकाच फोनवरून, आठ दिवस, स्पीड मोजून आकडा लिहायचा. बऱ्हाणपूरकराने हे काम मनापासून केलं. आठ दिवसांनी पानं समोर ठेवली, तर मागच्या खोलीच्या रकान्यात ३, ४, २, ३ असे आकडे. तिथे आश्चर्य नव्हतं. नवल वाटलं ते पेटीजवळच्या खुर्चीच्या रकान्याचं: ९३, ९४, ९४, ९२, ९४. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा. राउटर हातभर अंतरावर, मध्ये ना भिंत ना माणूस, आणि आकडा काही केल्या ९४च्या वर जाईना. शिल्लक रोज एकाच रकमेवर येऊन थांबत असेल, तर कुणीतरी कुठेतरी मर्यादा घातलेली असते.

इंजिनिअरिंगच्या बैतूलकराने खोकं उलटंपालटं केलं. तळाशी, बारकोडच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की मागची भोकं, म्हणजे तारेचे पोर्ट, १०/१००ची आहेत. म्हणजे फायबरच्या पेटीतून तारेने जे आत येणार, त्याला १०० एमबीपीएसचाच दरवाजा. त्यातून माहितीच्या पुडक्यांना लागणाऱ्या वेष्टनाचा खर्च वजा जाता हातात ९४ पडतात. वरच्या सहा अँटेना कितीही दूर ओरडल्या तरी आत आलेलंच तेवढं. आणि खोक्यावरचे ते १२००? एका पट्टीचे ३०० आणि दुसऱ्या पट्टीचे ८६७ यांची बेरीज करून वर घासाघीस केलेला आकडा. आमच्याकडचा फोन एका वेळी एकाच पट्टीवर बोलतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच पदरात पडत नाही. अशी बेरीज मी ताळेबंदात केली असती तर ऑडिटवाल्यांनी मला खुर्चीतून उठवलं असतं. आपल्या यादीत अँटेना किती, रंग कोणता, किंमत काय असे रकाने आहेत. मागचा पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचा, आहे की नाही, हा रकानाच नाही. १००च्या वरचा प्लॅन असणाऱ्याने खोकं घेताना पहिलं तेच वाचायला हवं.

आता भिंत. वायफायच्या दोन पट्ट्या असतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ची पट्टी भिंतीतून त्यातल्या त्यात पार होते, पण ती म्हणजे वाड्यातला सार्वजनिक नळ. आपल्याकडे ती २००५ साली परवानामुक्त झाली; तिच्यावर ब्लूटूथ आहे, शेजारणीचा मायक्रोवेव्ह आहे आणि गल्लीतलं प्रत्येक घर आहे. फोनवरच्या एका फुकट ॲपने पाहिलं तर मधल्या खोलीतून १७ घरांची नावं दिसली. या पट्टीत १३ चॅनेल मोजायला असले तरी एकमेकांच्या पायात न येणारे तीनच, १, ६ आणि ११. आमचं झुरळ 'ऑटो'वर सोडलेलं. ते रुंदी ४० मेगाहर्ट्झ करून दोन माणसांची जागा अडवून बसलं होतं आणि शेजाऱ्यांचा मारही खात होतं. रुंदी २०वर आणून चॅनेल ११ नेमून दिला, तेव्हा मधल्या खोलीचा रात्रीचा आकडा ६वरून १९वर गेला. त्याला एक पैसा लागला नाही.

५ची पट्टी वेगवान, पण दीड फुटी भिंतीपुढे हात टेकते. दोन भिंती मध्ये आल्या की संपली. आधी मला हा दोष वाटला. नंतर लक्षात आलं की शेजाऱ्यांची ५ची पट्टीही आपल्या भिंतीत शिरत नाही, म्हणजे आपल्या खोलीत ती बरीचशी आपलीच. प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र दिवा लावायचा, की खालच्या ओसरीत हजार वॉटचा बल्ब लावून तो वरच्या मागच्या खोलीत पडेल म्हणून वाट पाहायची? आजेसासऱ्यांनी वरच्या मजल्याला वेगळा दिवा लावला होता. आम्हालाही तेच करावं लागलं.

झुरळ बदलून द्यायला दुकानदार तयार झाला नाही. तो म्हणाला, रिपीटर घ्या, भिंतीत खोचला की झालं. बैतूलकराने अडवलं, ते बरं झालं. साधा रिपीटर ज्या पट्टीवर ऐकतो त्याच पट्टीवर बोलतो, म्हणून स्पीड जवळपास अर्धी होते. शिवाय जिथे आवाज आधीच पुसट, तिथे बसवून काय पुढे पाठवणार? आम्ही तार ओढली. जुन्या लँडलाइनची नळी जिन्याच्या कोपऱ्यातून वर गेलेली होती, तिच्यातून २५ मीटर कॅट-सिक्स केबल. ही केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, आमचं अख्खं घर त्यात चार वेळा मावेल. खाली एक साधा, गिगाबिट पोर्टांचा, वायफाय ५चा (इथे ५ म्हणजे पिढी, पट्टी नव्हे) राउटर. वर त्यापुढच्या पिढीचा, वायफाय ६चा एक, ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे तारेने आलेलं नेट नुसतं हवेत सोडणारा. दोघांचं नाव एक, पासवर्ड एक, चॅनेल मात्र वेगळे, म्हणजे मुलगा जिना चढला की फोन आपोआप जवळचा धरतो. कंपनीच्या पेटीचं स्वतःचं वायफाय बंद करायला लावलं, नाहीतर तेही तिसरं तोंड घालत बसतं.

वर वायफाय ६ का, तर तिथे गर्दी आहे म्हणून. राउटरच्या यादीत पाहिलं तेव्हा सात मुलांची २३ उपकरणं निघाली. जुना राउटर एका वेळी एकाचंच ऐकतो; ६च्या पद्धतीत एका खेपेत चारपाच जणांचे लहान लहान पुडके बसवता येतात. पण ज्याच्या फोनात वायफाय ६ आहे त्यालाच याचा फायदा. आमच्या २३पैकी अशी ९ होती. खाली मी एकटी आणि अधूनमधून भाची, मला ६ कशाला?

रात्री साडेदहाचा कॉल मात्र तरीही तुटायचा. स्पीड मोजली तर उत्तम! इथे आम्ही पंधरा दिवस अडकलो. शेवटी खरगोनचा सापडला, आणि बिचाऱ्याचा दोष काहीच नव्हता. तो भावाच्या लग्नाचे व्हिडिओ काढून आला होता. रात्री फोन चार्जिंगला लावला की ते आपोआप क्लाउडवर चढू लागत. आमच्या प्लॅनमध्ये चढायची वाट उतरायच्या वाटेपेक्षा अरुंद. त्या वाटेवर त्याची पोती लागली, की बैतूलकराच्या कॉलचा एवढासा शब्द पोत्यांमागे ताटकळतो. आमच्या आवक-जावक शाखेत एखादा ठेकेदार ४०० बिलं घेऊन खिडकीशी उभा राहायचा आणि मागे एका पेन्शनरचा एकच कागद असायचा. शहाणा कारकून त्या म्हाताऱ्याचा कागद मध्येच घेऊन शिक्का मारायचा, ठेकेदाराला कळतही नसे.

राउटरलाही असा शहाणा कारकून नेमता येतो. मेनूत त्याला कुठे स्मार्ट क्यू म्हणतात, कुठे एसक्यूएम. प्रत्येकाची रांग वेगळी धरायची आणि आळीपाळीने सोडायची, ही जी रीत आहे, एफक्यू-कोडेल, ती इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी ८२९० यात २०१८ साली छापून आली. आमच्या खालच्या राउटरमध्ये ती मुळात नव्हती. मुलांनी त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चढवली. मॉडेल तिच्या यादीत आहे का, ते घेण्याआधीच पाहिलं होतं. वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी असेल त्यानेच हे करावं, मी केलं. मग चढ-उताराची मर्यादा प्लॅनच्या साधारण ९० टक्क्यांवर बांधली. हे मला उलटं वाटलं होतं, आपणच आपली स्पीड कमी का करायची? पण रांग कंपनीच्या पेटीत साचली तर आपला कारकून तिथे नसतो. थोडं कमी ठेवलं की ती आपल्या दारात साचते. त्या रात्रीपासून खरगोनच्या भावाचं लग्न आणि बैतूलकराची मुलाखत एकाच वेळी नीट पार पडतात.

रुमालाचं राहिलं. मार्चपासूनच पेटी दुपारी आपोआप बंद होऊन सुरू व्हायची. कंपनीकडे तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा "लाइन ठीक आहे" असं उत्तर. होळकर कॉलेजवाल्या पांढुर्णेकराने एकदा हात लावून पाहिलं आणि न बोलता रुमाल काढून घडी करून माझ्या हातात दिला. खालची भोकं हवेसाठी असतात. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात लोकरीच्या दोऱ्याचा रुमाल. आता तो पुन्हा टीव्हीवर आहे. टीव्ही भिंतीला चिकटलेला, त्यामुळे सारखा घसरतो, ती गोष्ट वेगळी.

पावसाळ्यात दिवे मिनिटभर जातात आणि राउटर उठून उभा राहायला तीन मिनिटं घेतो. महाराणी रोडवरून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आणला आणि मोठ्या ऐटीत राउटरला जोडला. दिवे गेले, राउटरचे डोळे चमकत राहिले, नेट बंद! फायबरची पेटी साध्या प्लगवरच होती. दोन तोंडांचा घ्यावा, दोन्हींना जोडावा, आणि ॲडॉप्टरवर लिहिलेले अँपिअर आधी वाचून जावेत.

पासवर्डबद्दल माझं मत मुलांना जुनाट वाटतं. जोडणी माझ्या नावावर आहे. २००८च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेल्या ई-मेलचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत एका परदेशी गृहस्थाच्या दारात पोचली होती. वायफाय त्यांचं, वापरलं दुसऱ्याच कुणी. पोलीस प्रथम नावावर येतात, मजल्यावर नाही. म्हणून मित्रमंडळींसाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क, आणि बॅच बदलली की पासवर्ड बदल. पासवर्ड न टाकता उपकरण जोडायचं डब्ल्यूपीएसचं बटण बंद. त्याचा पिन दिसायला आठ आकडी, पण तपासला जातो दोन तुकड्यांत, आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. म्हणून कमाल ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ सालीच उघड झालं होतं. राउटरला अपडेट किती वर्षं मिळणार, असं मी जेल रोडला विचारलं तेव्हा दुकानदार हसला होता. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कधीचं, ते दिसतं. झुरळाचं चार वर्षांपूर्वीचं होतं. मुलं काय पाहतात ते मी पाहत नाही, पाहायचंही नाही. यादीत उपकरणं मोजते, बस.

खर्च लिहिते, कारण भाड्याच्या घरात खरी अडचण तीच. वरचा राउटर ३,१००, खालचा १,९००, केबल ६५०, इलेक्ट्रिशियन ४००, वर-खाली मिळून दोन मिनी यूपीएस २,६००. बेरीज ८,६५०. तीन वर्षं चालले तर महिन्याला २४० रुपये, सात जणांत डोई ३४. मी ते भाड्यात धरले आणि वस्तू घराच्या ठेवल्या. मुलांनी वर्गणी काढून राउटर घेतला, की निघताना तो कोणाचा यावर भांडण ठरलेलं. आधीच्या बॅचमध्ये गॅसच्या शेगडीवरून झालं आहे.

भिंतीला भोक पाडू न देणारे मालक असतात, मीही तशीच होते. त्या मुलांसाठी एकच सांगणं: जोडणीच्या दिवशी घरी थांबा. फायबरची तार दोऱ्याएवढी असते, वीस-पंचवीस मीटर आत नेली तरी तिला काही होत नाही, फक्त काटकोनात मोडायची नाही. त्या माणसाला चहा द्या, जास्तीच्या तारेचे पैसे द्या, पण पेटी घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, लोखंडी कपाट आणि पाण्याच्या टाकीपासून दूर बसवून घ्या. आमचा माणूस ओसरीत पेटी ठोकत होता तेव्हा मी आत त्याच्यासाठी सरबत करत होते.

पुढची यादी छापाल तेव्हा पोर्टाचा आणि शेवटच्या अपडेटच्या तारखेचा, असे दोन रकाने वाढवावेत. आणि झुरळ मला विकायचं नाही, पण टाकवतही नाही. एका खोलीत राहणारा, १००च्या आतला प्लॅन असलेला कुणी विद्यार्थी असेल तर त्याला ते पुरून उरेल. माझा पत्ता आपल्याकडे आहे. नाव छापू नये. संध्याकाळी पाच ते सातमध्ये यावं, ॲडॉप्टर सोबत देईन.

आपली,
एक घरमालकीण
रामबाग, इंदूर